अगोरा: आधी माणसं, मग जागा

हा संगमरवरी दगड इसवी सनपूर्व ५०० च्या सुमाराचा. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या वायव्येला, जिथं रोवला होता तिथंच तो उत्खननात सापडला. त्यावर कोरलंय: ‘मी अगोराची हद्द आहे.’ आईवडिलांना छळल्याचा किंवा लष्करातली सेवा चुकवल्याचा गुन्हा शाबीत झाला, की त्या माणसाला या हद्दीच्या आत पाऊल टाकायला बंदी होती.

‘अगोरा’ म्हणजे चौक, असं सांगून आपण मोकळे होतो. पण हा शब्द मुळात जागेचा नाहीच. ग्रीकमध्ये ‘अगेइरो’ म्हणजे गोळा करणं. त्यावरून ‘अगोरा’, जमलेली माणसं, सभा. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात ट्रॉयशी लढणाऱ्या ग्रीकांच्या छावणीत साथ पसरते आणि दहाव्या दिवशी त्यांचा योद्धा अकिलीस अगोरा बोलावतो. ट्रॉयच्या किनाऱ्यावर कुठला आलाय चौक? तो बोलावतो माणसांना. होमरच्याच ‘ओडिसी’त सायक्लोप्स हे एकडोळे राक्षस किती रानटी हे सांगायचं, तर त्यांच्यात ना अगोरा, ना कायदे.

पुढे सभेच्या मैदानालाच हे नाव पडलं. माणसं जमली, की विकणारेही येतातच. म्हणून याच शब्दातून दोन क्रियापदं निघाली: ‘अगोरेउओ’, सभेत बोलणं, आणि ‘अगोराझो’, विकत घेणं. ‘अगोरा’ला ‘काता’, म्हणजे विरुद्ध, जोडून ‘कातेगोरेओ’ झालं: चारचौघांत आरोप करणं. आपलं ‘चव्हाट्यावर आणणं’ याच्या अगदी जवळचं. ॲरिस्टॉटलनं तर्कशास्त्रात नेलेली ‘कॅटेगरी’ इथलीच.

अथेन्सची लोकसभा कालांतरानं प्निक्स टेकडीवर भरू लागली, अगोरात बाजार वाढत गेला. मग फसवणूकही आली. मालातली भेसळ बघायला शहरासाठी दरवर्षी ५ अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडत, वजनमापांसाठी वेगळे ५. इसवी सनपूर्व ३७५ चा कायदा तर फार बारकाईनं लिहिलाय. सराफांच्या मेजांपाशी नाणी पारखणारा सरकारी गुलाम बसे. चांदीच्या आत तांबं किंवा शिसं निघालं, तर नाणं तिथल्या तिथं कापून टाकायचं. त्यानं खरं ठरवलेलं नाणं एखाद्या विक्रेत्यानं नाकारलं, तर त्याचा त्या दिवसाचा सगळा माल जप्त.

आजच्या ग्रीकमध्ये चौकाला ‘प्लातिया’ म्हणतात. ‘अगोरा’ म्हणजे बाजार, खरेदी. अथेन्सच्या वस्त्यांमध्ये आठवड्यातून एकदा रस्ता अडवून भाजीबाजार भरतो, ‘लाइकी अगोरा’, लोकांचा बाजार. दुपारनंतर तो उठतो आणि तिथं पुन्हा नुसता रस्ता उरतो.