फोनवरची मुलाखत: आधी उत्तर, मग कारण

नमस्कार, श्रोतेहो.

नोकरीसाठी अर्ज केला की हल्ली पहिली भेट होते ती फोनवरच. आपल्या नागपूरच्या मिहानमधली कंपनी असो, बुटीबोरीचा कारखाना असो की पुण्या-बेंगळुरूचं ऑफिस असो, आधी एचआरचा फोन येतो. दहा-पंधरा मिनिटं बोलणं होतं आणि पुढच्या फेरीला कुणाला बोलवायचं ते तिथंच ठरतं. असे फोन करण्याचं काम मी करते. आपल्या भागातल्या हुशार मुलामुलींना काम येत असूनही ते या दहा मिनिटांत सांगता येत नाही, तेव्हा जीव तुटतो. म्हणून आज उत्तरांबद्दलच बोलते.

समोरासमोर बसलं की तुमचा चेहरा, तुमची वही, तुमचा उत्साह दिसतो. फोनवर यातलं काहीच नसतं. त्यामुळे पहिल्याच वाक्यात उत्तर यायला हवं. मी विचारते, "एक्सेल येतं का?" पलीकडून सुरू होतं, "मॅडम, म्हणजे कॉलेजात आम्हाला होतं, मग एक क्लास लावला होता, पण मध्येच परीक्षा आली..." शेवटी येतं की नाही, ते मलाच ताडावं लागतं. त्याऐवजी असं सांगा: "हो, येतं. इतवारीतल्या एका होलसेल दुकानाचा स्टॉक मी सहा महिने एक्सेलवर ठेवला. पिव्होट टेबल रोज वापरत होते." बस. आधी हो की नाही, मग त्याला आधार म्हणून स्वतः केलेलं एक काम, आणि मग थांबायचं.

हे थांबणं फार अवघड जातं. तुम्ही थांबलात की पलीकडे शांतता पसरते आणि वाटतं, उत्तर आवडलं नाही वाटतं! अहो, आम्ही लिहून घेत असतो. त्या शांततेला घाबरून पुष्कळ जण पुन्हा बोलू लागतात आणि नेमकं दिलेलं उत्तर स्वतःच पातळ करून टाकतात.

"स्वतःबद्दल सांगा" हा प्रश्न तर येणारच. इथं वडील काय करतात, भावंडं किती, छंद कोणते, हे सांगू नका. शेवटचं शिक्षण, हातून झालेलं काम आणि हीच जागा का हवी, एवढं मिनिटभरात पुरतं. शिक्षणात किंवा नोकरीत खंड असेल तर तो लपवू नका. "घरी आजारपण होतं, वर्षभर थांबले, त्या काळात टॅली आणि जीएसटीचं काम शिकले," असं सरळ सांगितलं की आम्ही पुढं जातो. आढेवेढे घेतले की मात्र तिथंच रेंगाळतो.

आता पगार. हा प्रश्न आला की आवाज एकदम खाली जातो. पगाराबद्दल बोलण्यात लाज कसली? पण आधी हिशेब समजून घ्या. सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षभरात करते तो एकूण खर्च, हातात येणारी रक्कम नव्हे. वर्षाला ३ लाख ६० हजार सांगितले म्हणजे महिन्याला ३० हजार खात्यात पडतील असं नाही. पीएफ लागू असेल तर साधारणपणे मूळ पगाराच्या १२ टक्के तुमच्याकडून कापले जातात आणि कंपनीचा वाटाही बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेला असतो. म्हणून तुमचा आकडा सांगा आणि बिनधास्त विचारा, "यातले दर महिन्याला हातात किती येतील?" हा प्रश्न विचारणारा उमेदवार मला तरी विचारी वाटतो.

थोडं आवाजाबद्दल. साध्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. स, श, फ यांची धार बरीचशी त्याच्या वर असते, ती वाटेतच गळते. त्यात आपल्याकडे मे महिन्यात खोलीत कूलर घरघरत असतो. नागपूरच्या दुपारी कूलर बंद ठेवणं जिवावर येतं, कळतं मला, पण तेवढी दहा मिनिटं सोसा. स्पीकरही नको. आकडे सुटे सांगा, कारण फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. पास झालेलं वर्ष आणि टक्केही तसेच, एकेक अंक करून. आणि फोन आला तेव्हा तुम्ही बर्डीच्या गर्दीत असाल किंवा गाडीवर असाल तर स्पष्ट म्हणा, "मी रस्त्यात आहे, अर्ध्या तासानं बोलू का?" याचा कुणाला राग येत नाही.

इंग्रजीची भीती पुष्कळांना असते. छोटी वाक्यं बोला. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. अंदाजानं दिलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं निघालं तर ते सावरायला वेळ मिळत नाही.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं आम्ही म्हणतो. कामाची पाळी कोणती, पहिले काही महिने शिकवणार कोण, पुढची फेरी कधी, हे जरूर विचारा. मात्र फोनवरच निवड झाली असं सांगून कुणी नोंदणी, गणवेश किंवा लॅपटॉपसाठी पैसे मागितले, ओटीपी मागितला, तर फोन तिथंच ठेवा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

नमस्कार.