डागाच्या पाठीमागे

[दृश्य: छतावरचा तपकिरी डाग. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

झाडाच्या बुंध्यात असतात तशी ही वलयं. पाणी आलं, पसरलं आणि वाळलं, की असं एक वलय मागे राहतं. वरून झिरपताना पाण्यानं वाटेतली धूळ, गंज, लाकडाचा रंग, जे विरघळेल ते सोबत घेतलं आणि वाळता वाळता कडेला आणून टाकलं. म्हणून डाग मधे फिकट, कडेला गडद. या छतावर चार वलयं मोजता येतात. म्हणजे हे छत निदान चारदा भिजलंय. मधे कधीतरी कुणी त्यावर पांढरा रंगही फिरवलाय. त्या रंगातून डाग पुन्हा वर आला.

आता डागाच्या मधोमध बघा. तिथे छत पोट सुटल्यासारखं खाली आलंय.

[दृश्य: शिडी. खाली बादली.]

शिडीवर आहे ती या घरातली धाकटी बहीण. बादली धरलीय ती थोरल्या भावानं. दोघंही कारागीर नाहीत. या खोलीचा एमसीबी खाली करून वीज बंद केलीय, छतातला दिवा उतरवून ठेवलाय. पाणी आणि वायर एकाच पोकळीत असताना हे काम सगळ्यात आधी.

"दादा, बादली जरा डावीकडे घे."

"घेतली. तू फुगलंय त्याच्या खाली येऊ नकोस. बाजूनंच टोच."

स्क्रूड्रायव्हरचं टोक आत जायला जोर लागला नाही. आवाज ऐका. अडीच बादल्या पाणी त्या पातळ बोर्डवर साचून होतं.

हा बोर्ड म्हणजे नेमकं काय, ते इथे सांगायलाच हवं. दोन जाड कागद आणि त्यांच्यामध्ये जिप्सम. जिप्सम हे जमिनीतून निघणारं मऊ खनिज. नखानं ओरखडा उठतो इतकं मऊ. त्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाणीच असतं, स्फटिकात बांधलेलं. भट्टीत दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि उरते ती आपल्या ओळखीची पांढरी पूड, प्लास्टर ऑफ पॅरिस. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की ती घट्ट होते, पुन्हा जिप्सम होते. १८९४ साली अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी कागद आणि प्लास्टरचे थर एकावर एक रचून तयार केलेल्या फळीचं पेटंट घेतलं. आजचा बोर्ड त्याच घराण्यातला.

यात ताकद कुणाची, ते बोर्ड मोडून बघितलं तर कळतं. भार सोसतं ते जिप्सम, पण वाकताना तुटू देत नाही तो कागद. आणि छतावरचा बोर्ड तर सतत वाकायलाच बघत असतो. कागद भिजला की पकड गेली. आतलं जिप्समही भिजून मऊ पडतं. लिटरभर पाण्यात ते दोन-अडीच ग्रॅम विरघळतंसुद्धा. म्हणून लोंबलेला बोर्ड स्क्रू मारून वर दाबायचा नसतो. वाळल्यावर तो सरळ दिसेल, तरी त्याची मूळची ताकद परत येत नाही. तो काढायचाच.

[दृश्य: पेन्सिल आणि गुण्या. छतावर चौकोन.]

डाग गोल असला तरी काप चौकोनी. वर धातूच्या पट्ट्या असतात, त्यांनाच बोर्ड स्क्रूनं बांधलेला असतो. त्यांना म्हणतात सेक्शन. दोन बाजू या सेक्शनच्या मध्यावर येतील अशा आखल्यात. नवा तुकडा आणि जुनी कड, दोघांनाही स्क्रूला जागा मिळावी म्हणून. सेक्शन सापडला तो लोहचुंबकानं. जिथे स्क्रूचं डोकं तिथे चुंबक चिकटतो. साधी युक्ती, पण बघायला छान वाटतं.

करवत उथळ धरलीय. आत वायर असू शकते, म्हणून आधी टोकानं डोकावण्यापुरती फट पाडून टॉर्चनं बघितलं. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क. छत जुनं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असू शकतं. तिथे तपासणी झाल्याशिवाय करवत लावायचीच नाही.

[दृश्य: कापलेला तुकडा उलटा करून जमिनीवर.]

खोलीतून न दिसणारी बाजू ही. हे काळे ठिपके बुरशीचे. ओल्या कागदावर तिला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पुरतात, आणि दम्याच्या माणसाला अशा खोलीत त्रास होतो. तुकडा लगेच पिशवीत बांधला.

छत उघडल्यावर गळती सापडली. वरच्या बाथरूमच्या निचऱ्याचा सांधा, डागापासून दोन मीटर लांब. पाणी पाइपच्या अंगानं सरकत येतं आणि उतार संपला की थेंब सोडतं. डागाच्या बरोबर वर शोधत बसलं तर ते सापडत नाही. सांधा बदलला.

[दृश्य: उघडं छत. पंखा. खिडकी. दिवस, रात्र, दिवस.]

आता काही करायचं नाही. या कामातली हीच अवघड पायरी आहे आणि बहुतेक घरांत हीच गाळली जाते. पंखा उघड्या जागेकडे तोंड करून लावलाय. हीटर मुद्दाम आणला नाही. बोर्डला पन्नास अंशांच्या वर फार काळ तापवलं तर जिप्सममधलं बांधलेलं पाणीही निघू लागतं आणि बोर्ड ठिसूळ होतो. रोज सकाळी बहीण ओलावा मोजायचं यंत्र कापाच्या कडेला टेकवते, मग खोलीच्या कोरड्या कोपऱ्यात टेकवते. दोन्ही आकडे जुळेपर्यंत थांबायचं. दहा दिवस लागले. वरच्या मजल्यावर नळ रोज चालू होता, तरी सांधा कोरडा राहिला.

[दृश्य: नवा बोर्ड. कटरची एक रेघ, गुडघ्यावर एक टिचकी.]

साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड, जुन्या जाडीचाच. वरचा कागद कापायचा, उलट्या बाजूला मोडायचा, मागचा कागद कापायचा. तुकडा भोकापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान. ठोकून बसवावा लागला तर कडा चुरतात. ज्या दोन बाजूंना आधार नव्हता तिथे सेक्शनचे तुकडे आत सरकवून जुन्या बोर्डातून स्क्रूनं बांधले.

बसवण्याआधी तिनं तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीनं तारीख लिहिली आणि बाण काढून लिहिलं, "सांधा इकडे, दोन मीटर." पुढे कधी कुणी हे छत उघडलं, तर त्याला शोधत बसायला नको.

भावानं दोन्ही हातांनी बोर्ड वर धरला. पंचवीस मिलिमीटरचे स्क्रू, दीडशे ते दोनशे मिलिमीटरवर एक. स्क्रूचं डोकं कागद फाडता कामा नये, फक्त त्याला खळी पाडायची. कागद फाटला तर तो स्क्रू काही धरत नाही; शेजारी दुसरा मारायचा.

[दृश्य: पुट्टी लावायच्या पत्र्यावर सांधे भरायचं कंपाउंड. कागदी टेप.]

कारखान्यातून आलेल्या बोर्डच्या लांब कडा किंचित उतरत्या असतात, टेप त्या खळग्यात बसते. कापलेल्या तुकड्याला तशी कड नाही. इथे टेप पृष्ठभागाच्या वरच राहणार, म्हणजे उंचवटा येणार. तो काढता येत नाही. तो इतका रुंद पसरायचा की डोळ्याला उतार कळू नये.

पहिला हात टेपपुरता. कंपाउंड ओलं असतानाच टेप दाबून बसवली, खालची हवा पत्र्यानं कडेपर्यंत ढकलून काढली. दुसरा हात वीतभर रुंद. तिसरा तीस सेंटिमीटर, आणि कडेला इतका पातळ की पत्र्यावर काही उरत नाही. दोन हातांमध्ये एकेक दिवस. तिचा पहिला हात खडबडीत झाला होता, तिसऱ्याला मनगट कसं वळलंय बघा.

मग पॉलिश पेपर, दीडशे नंबरचा, हलक्या हातानं. दिवे बंद करून टॉर्च छताला चिकटवून आडवी धरली. वरवर गुळगुळीत वाटलेल्या जागी किती सावल्या पडल्यात. त्या सावल्यांवर पेन्सिलीच्या खुणा, खुणांवर पुन्हा कंपाउंड.

[दृश्य: जुन्या डागाची उरलेली कडा. छोटा ब्रश.]

चौकोनाच्या बाहेर डागाचं एक वलय राहिलंय. बोर्ड तिथे घट्ट आहे, कोरडा आहे, म्हणून ठेवला. पण पाण्यातला रंग मारला तर रंगातलं पाणी डाग पुन्हा विरघळवतं आणि वर आणतं. मागच्या वेळी तेच झालं. म्हणून इथे लाखेचा प्रायमर. लाख विरघळते स्पिरिटमध्ये, डाग विरघळतो पाण्यात. दोघांची गाठ पडत नाही. वास उग्र असतो, खिडक्या सताड उघड्या, जवळपास ज्योत नाही.

नव्या तुकड्यापुरता रंग मारला असता तर तो चौकोन वेगळा उठून दिसला असता. म्हणून रोलर भिंतीपासून भिंतीपर्यंत, पूर्ण छतावर, दोन हात.

"दादा, दिवा दे वर."

"आधी टेस्टरनं बघ वायर."

[दृश्य: दिवा बसवला जातो. भाऊ एमसीबी वर करतो. कॅमेरा छतावर स्थिर.]