लॅपटॉपवरचा कर्सर गायब होतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

लॅपटॉपवर काम रंगात आलेलं असतं आणि पडद्यावरचा बाण अचानक दिसेनासा होतो. टचपॅडवर कितीही बोट फिरवा, काही उपयोग नाही. अशा वेळी घाबरून बहुतेकांचा हात पॉवरच्या बटणाकडे जातो. माझी पहिली विनंती हीच, की ते बटण दाबून धरू नका. तुम्ही लिहिलेलं सगळं अजून जागेवर आहे आणि कीबोर्ड चालू आहे. कंट्रोल आणि एस एकदम दाबा, फाइल सेव्ह होईल. मग पुढचं निवांत बघता येतं.

आता एक छोटी परीक्षा करायची. लांबलचक पान उघडं असेल, तर टचपॅडवर दोन बोटं ठेवून ती वर-खाली सरकवा. पान सरकलं, तर टचपॅड ठणठणीत आहे, फक्त बाण दिसत नाहीये. पान ढिम्म हललं नाही, तर बहुधा टचपॅडच बंद पडलंय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. लोक नेमकी हीच परीक्षा करत नाहीत आणि मग तासभर भलत्याच ठिकाणी शोधत बसतात.

पहिली तक्रार घेऊ, बाण दिसत नाही ती. पूर्ण पडद्यावर व्हिडिओ चालू असेल तर बाण आपणहून लपतो, एस्केप दाबा. टाइप करताना बाण लपवायची सोय विंडोजमध्येच आहे, ती नको असेल तर बंद करता येते. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, इंग्रजीत मेन डॉट सीपीएल लिहून एंटर करा. माऊसची खिडकी उघडेल. कंट्रोल धरून टॅब दाबत ‘पॉइंटर ऑप्शन्स’पर्यंत या. तिथं ‘हाइड पॉइंटर व्हाइल टायपिंग’ या ओळीपुढची खूण स्पेसबारनं काढा. त्याच्याच खाली कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ दाखवणारी ओळ आहे. तिथं मात्र खूण करून ठेवा. मोठ्या पडद्यावर बाण शोधताना डोळे शिणतात, त्यांना या वर्तुळाचा फार आधार होतो. मॅकवर हेच काम आणखी सोपं आहे. टचपॅडवर बोट भराभर इकडून तिकडे हलवलं, की बाण क्षणभर मोठा होतो.

लॅपटॉप कधी प्रोजेक्टरला किंवा टीव्हीला जोडलेला असतो, आणि बाण त्या दुसऱ्या पडद्यावर गेलेला असतो. विंडोज आणि पी दाबून फक्त लॅपटॉपचा पडदा निवडा.

एवढं करूनही बाण नाही? मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारी चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम बघायचा. पडद्यावरचं बाकीचं चित्र आणि हा बाण बहुतेक वेळा एकत्र रंगवले जात नाहीत. चित्रावर काच ठेवून तिच्यावर बाण काढावा, तसा ग्राफिक्स चिप तो वेगळ्या थरावर दाखवते. म्हणून तर बाकी सगळं स्वच्छ दिसत असताना एकटा बाण नाहीसा होऊ शकतो. विशेषतः लॅपटॉप झोपेतून जागा झाल्यावर हे घडतं. यासाठी चार बटणं एकदम दाबायची. लिहून घ्या: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी. पडदा क्षणभर काळा होईल, बारीकसा आवाज येईल, आणि ड्रायव्हर नव्यानं सुरू होईल. उघडी असलेली कामं बंद होत नाहीत.

आता दुसरी तक्रार, टचपॅडच मुकं झालेलं. कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीत एफ एक ते एफ बारा ही बटणं असतात. त्यांच्यातल्या एकावर बऱ्याचदा टचपॅडचं छोटं चित्र असतं. ते नकळत दाबलं गेलं, की टचपॅड बंद. तेच पुन्हा दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन हे बटणही धरावं लागतं. काहींमध्ये टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका असतो, त्यावर दोनदा टिचकी मारली की ते चालू-बंद होतं.

आणखी एक कारण फार चकवतं. बाहेरचा माऊस जोडला की टचपॅड बंद ठेवायचं, अशी एक सेटिंग असते. वायरलेस माऊस तुम्ही बॅगेत ठेवून दिलात, पण त्याचा नखाएवढा रिसीव्हर लॅपटॉपला तसाच राहिला, तर लॅपटॉपला वाटतं माऊस जोडलेलाच आहे. रिसीव्हर काढून बघा. सेटिंग बदलायची असेल तर विंडोजचं बटण दाबा, इंग्रजीत टचपॅड असं टाइप करा, एंटर करा, आणि टॅब व स्पेसबार वापरून हवं ते चालू करा.

अपडेटनंतर बिघाड सुरू झाला असेल, तर विंडोज आणि एक्स, मग एम दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. माऊसच्या गटात टचपॅड निवडून एंटर करा आणि ‘ड्रायव्हर’ या भागात जुना ड्रायव्हर परत आणायचं बटण आहे का बघा. नंतर मशीन शट डाउन न करता रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन लवकर सुरू व्हावं यासाठीची विंडोजमधली सोय, चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज आपली काही स्थिती जपून ठेवतं, रीस्टार्टमध्ये ती कोरी होते. माऊसशिवाय रीस्टार्ट करायला विंडोज आणि डी, मग ऑल्ट आणि एफ चार दाबा, बाणाच्या बटणानं रीस्टार्ट निवडा आणि एंटर करा.

कर्सर दिसत नाही एवढ्यावरून कुणी विंडोज नव्यानं टाकायला सांगितलं, तर लगेच हो म्हणू नका. आधी यूएसबीचा साधा माऊस जोडून बघा. तो चालला तर आधी डेटाची प्रत काढून ठेवा आणि मग फक्त टचपॅडची तपासणी करायला सांगा.

शेवटचं, आणि हे कृपया गांभीर्यानं घ्या. टचपॅड एका बाजूनं उचलल्यासारखं दिसतंय, दाबलं जात नाही, किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही? मग आतली बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी कुठलीही सेटिंग चाळू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पुन्हा चार्जिंगला लावू नका, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. बॅटरी स्वतः उघडू नका. ती जाणकाराकडूनच बदलून घ्या, आणि तोपर्यंत लॅपटॉप अंथरूण, पडदे, कागद यांच्यापासून लांब ठेवा.

नमस्कार.