आधी केमो, मग ऑपरेशन: असं का?

मंडळी, आज मी स्तनाच्या कॅन्सरबद्दलच्या एकाच प्रश्नावर बोलणार आहे. तो बाईपेक्षा तिचा भाऊ नाहीतर दीर जास्त विचारतो. "डॉक्टर, गाठ अंगात ठेवून पाच महिने सलाइन कसलं लावताय? आधी कापून टाका."

रास्त प्रश्न आहे. स्तनाच्या प्रत्येक कॅन्सरला आधी केमो लागत नाही. लहान, संथ, हार्मोनवर वाढणारी गाठ आम्ही बहुधा आधी काढतोच. पण ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे दोन हार्मोनच्या आणि हर-टूच्या अशा तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आलेला, आणि हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला, हे प्रकार झपाट्याने वाढतात. त्यांची गाठ दोन सेंटिमीटरच्या वर गेली किंवा रोग काखेत उतरला, तर सहसा आधी औषध.

आता, तीच औषधं ऑपरेशननंतर दिली तरी आयुष्य तेवढंच मिळतं, असं अमेरिकेत १९८८ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. मग आधी का? गाठ आकसली तर स्तन वाचू शकतो, हे एक. माझ्या मते त्याहून मोठं कारण हे की औषध लागू पडतंय का, ते गाठ अंगात असेपर्यंतच कळतं. ऑपरेशनमध्ये निघालेल्या भागात एकही जिवंत कॅन्सरपेशी सापडली नाही, तर रोग उलटायची भीती बरीच कमी होते. सापडल्या तर पुढचं औषध बदलतं. ट्रिपल निगेटिव्हला कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. हर-टूला टी-डीएम-वन हे औषध, त्याने उलटण्याचा धोका जवळपास निम्मा होतो, हे २०१९ साली प्रसिद्ध झालं.

गाठ आधीच कापून आलेल्या बाईची ही परीक्षा करताच येत नाही. मला सगळ्यात वाईट त्याचंच वाटतं. म्हणून सांगते, गाठ लागली की घाईने काढू नका. आधी सुईने तुकडा घेऊन तपासा. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढा.

परळच्या टाटा हॉस्पिटलने ट्रिपल निगेटिव्हच्या ७२० रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २०२२ साली मांडला. नेहमीच्या केमोत कार्बोप्लॅटिन घातल्यावर पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेलं. पन्नाशीपुढे तसा फायदा दिसला नाही. औषध जुनं, स्वस्त, आणि अभ्यास आपल्याच देशातल्या बायकांवर झालेला. मला त्याचं फार मोल वाटतं.

दोन-तीन सायकलनंतर, म्हणजे केमोच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर, कधी गाठ हाताला लागेनाशी होते. मग घरी चर्चा सुरू होते, आता ऑपरेशन कशाला? करायचंच. हाताला लागत नाही म्हणजे आत पेशी नाहीत असं नव्हे. गाठ दिसेनाशी झाली तर जागा सापडावी, म्हणून सुरुवातीलाच तिच्यात धातूची बारीक क्लिप ठेवतात. स्तन राखायचा असेल तर ती ठेवली का, हे विचारून घ्या.

गणपती आले की सायकल पुढे ढकला म्हणतात. एक-दोन दिवसांचं डॉक्टरांशी बोलून जमवता येतं, पंधरा दिवसांचं नाही. आणि घरात माणसांची गर्दी असते तेव्हा तापाकडे लक्ष ठेवा. सायकलनंतर आठवडा-दोन आठवडे पांढऱ्या पेशी खाली असतात. थर्मामीटर १००.४ दाखवत असेल तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही. राजापूर असो की गुहागर, रात्रीच जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, फाइल सोबत घ्या आणि दारातच सांगा, "केमो चालू आहे."