शिरा हिरव्या, पान पिवळे

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यात आणि नवी मुंबईत गच्चीवर किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये सेंद्रिय पद्धतीने झाडे वाढवणारे अनेकजण मला विचारतात, की शेणखत आणि गांडूळखत वेळेवर घालूनही पाने पिवळी का पडतात? अशा वेळी आधी एकच गोष्ट पाहावी, ती म्हणजे पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले, तर झाड ते खालच्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह, जस्त आणि बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्ये मात्र झाडात सहजी हलत नाहीत, म्हणून त्यांची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. पुन्हा सांगतो, लोहाची उणीव शेंड्यावर पाहावी.

नेरुळला माझ्या मावशीच्या गच्चीवर, अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात, कागदी लिंबाचे झाड आहे. एका वर्षी दिवाळीनंतर त्याची नवी पालवी लोण्याच्या रंगाची आली आणि त्या फिकट पानांवर शिरांची हिरवी जाळी तेवढी उठून दिसू लागली. मावशी म्हणाली, "अरे, त्याच्या पोटाला मी काही कमी केलेलं नाही." ते खरेच होते, दर पंधरवड्याला गांडूळखत, मूठभर हाडांचा चुरा आणि गावाहून आणलेली चुलीतली राख ती नेमाने घालत होती. मी बाजूची माती उकरली, तेव्हा तळाशी पांढरट तुकडे हाताला लागले. न्हाणीघराच्या दुरुस्तीतून निघालेले प्लास्टरचे तुकडे पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तिने तिथे अंथरले होते. मी चमचाभर माती वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतले आणि खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळावे तसा बारीक फेस वर आला.

फेस येणे ही चुन्याची खूण आहे. पिंपातली माती कोकणातली लाल माती होती आणि तिचा लाल रंगच मुळी लोहामुळे असतो, म्हणजे झाड लोहातच उभे होते. परंतु चुन्याने आणि राखेने माती अल्कधर्मी झाल्यामुळे ते लोह मुळांना विरघळलेल्या रूपात मिळत नव्हते, आणि हाडांच्या चुऱ्यातल्या स्फुरदाने, म्हणजे फॉस्फरसने, त्यात भर घातली होती. आम्ही झाड काढले, तुकडे वेचले, राख आणि हाडांचा चुरा बंद केला आणि निम्मी माती बदलून कुजलेला पालापाचोळा मिसळला. (सोसायटीच्या आवारातला पालापाचोळा झाडून कचरागाडीत देण्याची पद्धत बंद व्हावी, असे मला मनापासून वाटते, कुंड्यांसाठी याहून चांगले खत विकत मिळत नाही.) तोवर तात्पुरता आधार म्हणून एका लिटर पाण्यात 2 ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणि लिंबाच्या रसाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारले. आठवड्याभरात, जिथे थेंब टेकले होते तिथेच पानांवर हिरवे ठिपके उमटले, आणि उणीव लोहाचीच होती याची खात्री पटली. पुढची पालवी फवारणीशिवाय हिरवी आली.

हिराकसाचे रासायनिक नाव फेरस सल्फेट. प्रमाणित सेंद्रिय शेतीतही, उणीव दिसून आल्यावर, प्रमाणन संस्थेच्या संमतीने असे क्षार वापरता येतात. ते फिकट हिरवे असावे. तपकिरी पडलेले घेऊ नये. जस्त कमी असेल, तर नवी पाने बारीक राहतात आणि पेरे आखडतात, तेव्हा झिंक सल्फेट उपयोगी पडते. बोरॉनच्या बाबतीत मात्र हात फार आखडता ठेवावा, कारण पुरेसे आणि विषारी यांत अंतर थोडेच असते; फवारणीसाठी बोरॅक्स एका लिटरला 1 ग्रॅमहून जास्त कधीही घेऊ नये, आणि कुंडीतल्या मातीत तर ते अंदाजाने मुळीच टाकू नये.