पठारावरचं बेसबॉल मैदान: आधी पाणी, मग माती, शेवटी खुर्च्या

मित्रहो, विद्यापीठात बेसबॉल सुरू करायचा विषय निघाला की चर्चा थेट स्टेडियमवर जाते. प्रेक्षक किती बसणार, छप्पर कसलं, दिव्यांचे खांब किती. मी क्रम उलटा लावणार आहे. पहिल्या वर्षी बांधकामावर एक पैसाही घालू नका. नंतर घालाल तेव्हा त्यातला मोठा वाटा जमिनीखाली जाऊ द्या. गोव्यात मैदान बिघडतं ते पाण्यामुळे, आणि वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, हे गणित कुठल्याही आराखड्यापेक्षा मोठं आहे.

मग पहिलं वर्ष खेळायचं कुठे? क्रिकेटच्या मैदानावर. १४० मीटर व्यासाचं मैदान धरा. होम प्लेट, म्हणजे बॅटर जिथे उभा राहतो ती पाटी, सीमारेषेपासून १८ मीटर आत ठेवली, तर समोर सेंटर फील्डची, म्हणजे मैदानाच्या मधल्या लांबच्या भागाची, कड १२२ मीटरवर येते, म्हणजे बरोबर ४०० फूट. दोन्ही फाउल लाइन, म्हणजे होम प्लेटपासून निघणाऱ्या मैदानाच्या बाजूच्या रेषा, साधारण ९६ मीटर भरतात. नियमपुस्तकातल्या ३२५ फुटांना, म्हणजे ९९ मीटरला, त्या थोड्या कमी पडतात, पण सरावाला आणि मैत्रीच्या सामन्यांना चालतात. अडचण एकच. या मांडणीत क्रिकेटची टणक खेळपट्टी दुसऱ्या बेसच्या (होम प्लेटच्या थेट समोरच्या धावटप्प्याच्या) मागे, सेंटर फील्डच्या अलीकडच्या भागात येते. त्यावर पडलेला चेंडू अचानक उसळतो आणि धावत येणाऱ्या फील्डरच्या तोंडावर जातो. म्हणून खेळाआधी तिच्यावर जाड काथ्याची मॅट अंथरा आणि कडा खिळ्यांनी पक्क्या करा. सैल कडेत पाय अडकला तर इलाज रोगापेक्षा वाईट ठरेल. माउंड, म्हणजे पिचर चेंडू टाकतो तो उंचवटा, लाकडी सांगाड्याचा, वर कृत्रिम गवत लावलेला, उचलून नेता येईल असा करून घ्या. क्रिकेटवाले नाराज होणार नाहीत आणि आपले किती विद्यार्थी सकाळी सहाला खरोखर येतात तेही कळेल.

आखणी करताना चूक नेहमी एकाच जागी होते. सगळी मापं होम प्लेटच्या मागच्या टोकापासून घ्यायची. तिथून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत ३८.७९ मीटर. मग होमच्या टोकापासून एक टेप आणि दुसऱ्या बेसच्या मध्यापासून दुसरी, दोन्ही २७.४३ मीटरवर धरायच्या. जिथे मिळतील तिथे पहिल्या आणि तिसऱ्या बेसचा मागचा बाहेरचा कोपरा. पहिला आणि तिसरा बेस मध्यावर मापले की चौकोन बिघडतो. पिचरच्या रबराची (माउंडवर तो पाय टेकवतो त्या पट्टीची) पुढची कड होमच्या टोकापासून १८.४४ मीटर. कापडी टेप वापरू नका, ती दमट हवेत ताणली जाते. स्टीलची घ्या.

आता कायमच्या मैदानाकडे. जागा साधारण चार एकर लागते. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी असं नियमपुस्तकच सुचवतं. त्यामुळे संध्याकाळचा सूर्य बॅटरच्या पाठीमागे राहतो. तो डोळ्यांत जातो राइट फील्डरच्या, ते चालवून घ्यायचं. आपल्याकडे दुपारी समुद्रावरून येणारा वाराही याच दिशेने, मैदानातून बाहेर वाहणार. बॅटर खूश, पिचर नाखूश.

पणजीजवळच्या ताळगावसारख्या पठारावर वर पातळ माती आणि खाली जांभा. सपाटीसाठी एका बाजूने कातळ कापला की त्या बाजूला दगडी टाकं तयार होतं. वरून मैदान सुकलेलं दिसतं आणि बुटाखाली पाणी चुळचुळतं. म्हणून कापलेल्या कडेने आधी एक खोल चर, मग आउटफिल्डखाली (बेसच्या पलीकडच्या गवताखाली) दर पाच-सहा मीटरवर छिद्रांच्या पाइपांचे चर. पाइपाभोवती धुतलेली खडी आणि त्याभोवती जिओटेक्सटाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं आणि गाळ अडवणारं कापड. खडी न धुता टाकली, तर जांभ्याचा बारीक लाल गाळ दोन पावसाळ्यांत छिद्रं बुजवतो. प्रत्येक ओळीच्या टोकाला झाकणाचं चेंबर ठेवा, नाहीतर बुजलेला पाइप नेमका कुठे बुजला ते शोधायला सगळं मैदान उकरावं लागतं.

आणि पाणी सोडायचं कुठे, हे कागदावर आधी लिहा. पठाराच्या पायथ्याशी लोकांची घरं, झरी आणि मळे आहेत. सगळं पाणी एका पाइपाने उतारावर ओतलं, तर खालचा व्हाळ (ओढा) पहिल्याच जोराच्या सरीत फुटेल. आधी गाळ बसवणारी टाकी, मग शोषखड्डे, आणि उरलेलंच पाणी खाली, असा क्रम ठेवा. डोंगरकापणी आणि भरावासाठी नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-ए खाली परवानगी लागते आणि झाडं तोडायला १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली. दोन्ही हातात नसताना कंत्राट देऊ नका.

उताराचं सांगतो. आउटफिल्डला मीटरमागे १० ते १२ मिलिमीटर, इनफिल्डच्या (बेसच्या आसपासच्या भागाच्या) मातीला फक्त ५. मातीला जास्त उतार दिला की पावसात ती गवताकडे वाहून जाते.

मातीवर थोडं थांबतो. इनफिल्डचा उघडा मातीचा भाग साधारण १००० चौरस मीटर. १० सेंटिमीटरचा दबलेला थर हवा, म्हणजे १०० घनमीटर. सैल माती त्याहून चौथाईने जास्त मागवा. मिश्रणात ६० ते ७० टक्के वाळू, उरलेल्यात पोयटा (वाळूपेक्षा बारीक गाळ) आणि चिकणमाती, आणि पोयटा चिकणमातीपेक्षा जास्त नको. पोयटा वाढला की उन्हात धूळ आणि पावसात चिखल. आपल्या लाल मातीतले खडे आधी चाळा. तीन मिलिमीटरच्या वरचा एकही नको, कारण स्लाइड करणाऱ्याची, म्हणजे बेसकडे घसरत जाणाऱ्या धावपटूची, कातडी त्यावरूनच जाते. खाजनातली (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली) माती फुकट मिळाली तरी घेऊ नका, तिच्यातल्या मिठाने कडेचं गवत जळतं. परीक्षा सोपी आहे. काचेची बाटली अर्धी मातीने भरा, वर पाणी आणि थोडा भांडी घासायचा साबण टाका, खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमातीला दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. थर पट्टीने मोजा. ट्रक खाली करण्याआधी ट्रकमधलीच माती तपासा, नमुना म्हणून आणून दिलेली नव्हे.

माउंडला मात्र वेगळी माती, जास्त चिकट. डिचोलीचे कुंभार वापरतात तशी चिकणमाती वाळूत मिसळून आधी एक छोटा ठोकळा करून वाळवा. भेगा पडल्या तर वाळू वाढवा. माउंडचा व्यास ५.४९ मीटर. रबर होम प्लेटच्या पातळीपेक्षा २५.४ सेंटिमीटर उंच. आजूबाजूच्या गवतापासून मोजलं तर इथे हमखास घोळ होतो. रबराच्या पुढे १५ सेंटिमीटरपर्यंत सपाट, तिथून दर फुटाला एक इंच उतार. दोन-तीन सेंटिमीटरचे थर, प्रत्येकावर पाणी शिंपडून धुम्मस. खालचा थर पूर्ण वाळला असेल तर वरचा त्याला धरत नाही आणि पापुद्र्यासारखा सुटतो. सामन्यानंतर रबरासमोर आणि पिचरचा पाय पडतो तिथे खड्डे पडतात. त्यात कोरडी माती भरून पाय आपटणं हा सगळीकडचा आवडता उपाय, आणि तो दुसऱ्या दिवशी पहिल्या डावातच उखडतो. सैल माती झाडून काढा, खड्डा ओला करा, ओलसर चिकणमाती ठोकून बसवा, वर ताडपत्री घाला.

गवत हरळीचं, दुसरं शोधत बसू नका. माती आणि गवत जिथे मिळतात तिथे कालांतराने ओठासारखी कड उठते. इनफिल्ड सारखं करायला फळी ओढताना माती गवतात ढकलली जाते, त्यातून ही कड. ती एक इंच झाली की पाणी इनफिल्डमध्ये अडतं आणि जमिनीवरून येणारा चेंडू उसळतो. म्हणून फळी गवतापासून एक फूट लांब ठेवा आणि तो पट्टा हाताने, कडेला समांतर, दाताळ्याने सारखा करा.

वेळापत्रक पावसाने ठरतं. ऑक्टोबर ते मे खोदाई आणि पाइप. पुढचा पावसाळा मैदान उघडंच ठेवून पाणी कुठे साचतं ते खुणा करून नोंदवा. सप्टेंबरात पाऊस ओसरला की हरळी लावा आणि इनफिल्डची माती नोव्हेंबरात. घाई करून मेमध्ये माती टाकली, तर जूनमध्ये ती चरात सापडेल.

खेळाडूंबद्दल. भारतीय विद्यापीठ महासंघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत बेसबॉल पुरुष आणि महिला दोघांसाठी आहे, तेव्हा दोन्ही संघ पहिल्या दिवसापासून घ्या. बेसबॉलचं माप दोघांना तेच. सॉफ्टबॉल त्याच मैदानावर बसवू म्हणाल तर जमणार नाही: बेस १८.२९ मीटरवर आणि पिचिंग सपाट जमिनीवरून, मध्ये आपला माउंड. क्रिकेटचे फील्डर लवकर तयार होतात, भालाफेकीकडेही पाहा. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले होते. गोलंदाजाला पिचर व्हायला मात्र वेळ द्या, कारण कोपर सरळ ठेवायची सवय सुटायला महिने जातात आणि त्या काळात खांदा-कोपर दुखावतात. अमेरिकेतली मार्गदर्शक मर्यादा १७-१८ वर्षांच्या पिचरला दिवसात १०५ चेंडूंची आहे, आणि ८१ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. मोजणीची वही कोचकडे नको, स्कोअररकडे द्या. जिंकत असताना कोच मोजत नाही.

पावसाळ्यात छपराखाली जाळीत बॅटिंग. ग्लोव्ह बंद कपाटात ठेवले की बुरशी येते. उघड्या फळीवर, पंख्याखाली, हाताच्या आकारात चेंडू घालून ठेवा. कुंपणाची जाळी हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेली) घ्या, खारी हवा साध्या तारेला फार दिवस टिकू देत नाही.

स्टँडचं काम सगळ्यात सोपं. होम प्लेटमागे चिऱ्याचं जोतं, तीनशे माणसांची जागा, पुढे उंच जाळी. छपराचे बोल्ट नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा हिशेब करून ठरवा. पण त्याआधी एक पूर्णवेळ माळी नेमा, तोही कंत्राटदार येण्यापूर्वी. पाइप कुठून गेले ते पाहिलेला माणूस पुढची दहा वर्षं विद्यापीठाकडे राहायला हवा.