हिवाळ्यातलं स्पिती: वाटाड्या नाही म्हणतो तेव्हा

नमस्कार. आधी जरा हात वर करायला लावते. अटल बोगदा झाल्यापासून भर जानेवारीत मनालीहून थेट काझाला, म्हणजे हिमाचलातल्या स्पिती खोऱ्याच्या मुख्य गावाला, जाता येतं, असं किती जणांना वाटतं? बघा, अर्धं सभागृह! अहो, खाली करू नका, हाच प्रश्न मला दर हिवाळ्यात फोनवर येतो. बोगदा 2020 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. 9 किलोमीटरचा. त्यामुळे रोहतांग खिंडीचा अडसर गेला आणि पलीकडच्या लाहौल खोऱ्यातली माणसं हिवाळ्यातही मनालीला येऊ-जाऊ लागली. ही फार मोठी गोष्ट आहे. पण स्पितीत उतरायचं तर त्यापुढे कुंझुम खिंड लागते, साडेचार हजार मीटरवर, आणि ती हिवाळाभर बर्फाखाली असते. म्हणजे त्या दिवसांत स्पितीला रस्ता एकच: सिमला, रामपूर, किन्नौर, खाबचा संगम, नाको, सुमदो, ताबो, काझा. त्याच वाटेनं जायचं, त्याच वाटेनं परतायचं.

मला विचाराल तर हा रस्ता म्हणजे वरदान आहे. सिमला साधारण 2,200 मीटरवर, किन्नौरमधलं कल्पा तीन हजाराच्या जरा खाली, नाको 3,600 च्या आसपास. पायरी-पायरीनं चढतो आपण. विरळ हवेची शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. म्हणून कल्प्याला दोन रात्री काढा. समोरच्या किन्नर कैलास शिखरावर सकाळचं ऊन येताना पाहायला मिळेल, ते वेगळंच. आणि वर गेल्यावर डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर सोबतच्यांपासून लपवू नका. सहलीचा विरस होईल म्हणून गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्रास वाढत असेल तर खाली उतरायचं, त्यात चर्चा नको.

आज पत्रिकेत ‘ताबोचा मठ’ असं छापलंय, ते मला माहीत आहे. येणार आहे मी ताबोला. पण ताबोच्या आधी नाको लागतं, आणि नाकोतली एक सकाळ सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आम्ही सहाजण होतो, आणि आमचा वाटाड्या. गाडीही तोच चालवायचा. स्पितीतल्या किब्बर गावाकडचा, चाळिशीतला. आम्ही त्याला भाईजी म्हणायचो. नाकोला पोचलो तेव्हा तळं पार गोठलेलं. सामान उतरवायच्या आधी भाईजींनी गाडी सकाळचं पहिलं ऊन जिथे पडेल तिथे तोंड करून लावली, गिअरमध्ये ठेवली, चाकांखाली दगड दिले आणि हँडब्रेक सोडून दिला. मी विचारलं तर म्हणाले, लावून ठेवला तर रात्रीत जाम होतो, सकाळी सुटत नाही. वायपरही काचेवरून उचलून ठेवले. ही सगळी कामं माणूस हात धुवावेत तितक्या सहज करत होता.

रात्री एका घरात उतरलो. मातीच्या जाड भिंती, लाकडाचं छत, मधोमध लोखंडी तंदूर आणि त्याचा धुराडा छतातून बाहेर. तंदूर म्हटलं की रोट्या डोळ्यांपुढे येतात ना? तिकडे तंदूर म्हणजे खोली उबवणारी शेगडी. तिच्यावर चहा, तिच्यावर थुक्पा म्हणजे शेवयांचं गरम सूप, तिच्याभोवती मुलांचा अभ्यास आणि तिच्याभोवतीच सगळ्यांची झोप. थंडीत घर आक्रसतं आणि एका खोलीत येऊन बसतं.

सकाळी डिझेल घट्ट झालेलं. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो, फार थंडीत तो साकळतो आणि फिल्टर तुंबतो. भाईजींनी घरमालकिणीकडून घमेलंभर निखारे मागून घेतले, इंजिनाखाली सरकवले, वरून जुनं घोंगडं टाकलं आणि गाडी तापेपर्यंत शेजारी उकिडवे बसून राहिले. डोळा नाही हलवला. निखाऱ्यांपाशी गाडी एकटी सोडायची नसते. पाऊण तासानं ती खोकत खोकत सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

नाकोच्या पुढे मलिंग नाला. ज्यांनी तो रस्ता केलाय ते माना डोलवतायत. डोंगराची ती कूस कायम सरकती. थोडं अलीकडेच भाईजींनी गाडी थांबवली, उतरले, बुटाच्या टाचेनं रस्ता खरवडला. आम्हाला तिथे नुसता ओलसर काळा डाग दिसत होता. तो बर्फ होता, काचेसारखा पातळ, डांबराचा रंग आरपार दाखवणारा. मग त्यांनी मान वर करून उतार पाहिला. किती वेळ पाहिला म्हणून सांगू!

आता त्यांचं गणित ऐका, कारण माझ्या आजच्या बोलण्याचा जीव तिथे आहे. पहाटे रस्त्यावर काळा बर्फ असतो, चाक टिकत नाही. पण तीच थंडी वरच्या दगडांना जागेवर धरून ठेवते. ऊन चढलं की रस्ता मोकळा होतो, आणि त्याच उन्हानं वरचा बर्फ वितळून दगड सुटायला लागतात. म्हणजे जाण्याजोगा वेळ या दोन्हींच्या मधला, कधी तासाभराचा, कधी नसतोच. डिझेलनं आमचा वेळ खाल्ला होता. ऊन कडक होतं. आम्ही उभे असतानाच नारळाएवढा एक दगड खाली आला, रस्त्यावर एकदा आपटला आणि खाली दरीत गेला. त्याचा आवाज फार उशिरा आला.

भाईजी म्हणाले, “आज नहीं.”

आमच्यातल्या एकांचं चंदीगडहून परतीचं विमान होतं. ते चिडले. पैसे भरलेत, समोरून एक गाडी आत्ताच आली, मग आपण का नाही? भाईजींनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “यहाँ तक मुझे पता है, साब. आगे का आज पहाड़ को पता है. शाम को ग्रेफवालों से पूछेंगे.” ग्रेफ म्हणजे सीमेवरचे रस्ते राखणारी माणसं. पिवळा डोझर घेऊन त्या थंडीत दिवसभर तिथे राबणारी.

आपण वाटाड्याला कशाचे पैसे देतो? रस्ता दाखवायचे? अहो, रस्ता एकच आहे, चुकायला दुसरी वाटच नाही! आपण पैसे देतो त्याच्या ‘नाही’ला. आणि तो नाही म्हणाला की आपणच त्याच्या मानगुटीवर बसतो. सात दिवसांत अकरा ठिकाणं असे कार्यक्रम छापले जातात, एकही दिवस मोकळा नसतो आणि मग दरडीखालून गाडी काढायचा दबाव त्या माणसावर येतो. त्याचीही बायको-मुलं तंदूरपाशी वाट बघत असतात. याची मला मनापासून चीड आहे. हिवाळ्यात स्पितीला जायचं तर किमान दोन दिवस कोरे ठेवा. परतीचं तिकीट त्यांच्या पुढचं काढा. तेवढी सुट्टी नसेल तर या वर्षी जाऊ नका, पुढच्या वर्षी जा.

आम्ही नाकोत परतलो, आणि तो दिवस माझ्या सगळ्या प्रवासातला सर्वांत भरलेला दिवस ठरला. नळ गोठलेले, म्हणून घरातल्या सुनेबरोबर झऱ्यावर पाणी आणायला गेले. दोन खेपांत माझी दमछाक झाली. त्यानंतर पाणी सांडताना माझा हात आखडतो, आजही. संडास कोरडा. वरच्या खोलीच्या जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. वापरून झालं की माती लोटायची. पाणीच नाही तर गोठणार काय? वसंतात खालच्या खोलीतून खत निघतं आणि शेतात जातं. दुपारी आजीनं मला तंदूरपाशी सरकायला सांगितलं, लोकर कातत बसली. तिला हिंदी येत नव्हतं, मला तिची बोली येत नव्हती. उन्हाळ्यात त्याच घरात कुणाला असं बसायला वेळ नसतो, मटार आणि सफरचंदं असतात.

संयोजक पाच बोटं दाखवतायत. बरं, ताबो.

तर दुसऱ्या दिवशी लवकर निघून पोचलो. ताबोचा मठ इसवी सन 996 चा. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याच्या राजघराण्यानं बांधलेला, 46 वर्षांनी जीर्णोद्धार झालेला, तसा लेख आतच आहे. बाहेरून पाहाल तर मातीचे ठोकळे. हजार वर्षं माती टिकली, कारण हे वाळवंट आहे. पाऊस जवळजवळ नाही, कोरडी थंडी. 19 जानेवारी 1975 च्या भूकंपात नुकसान झालं, तरी मूळ मंदिर उभं राहिलं. आता मात्र तिथे पूर्वी न पडणारा पाऊस पडू लागलाय, आणि मातीच्या छताला बर्फापेक्षा पावसाची धास्ती जास्त.

आत फोटो काढायचे नाहीत. दिवे लावा म्हणून भिक्षूंच्या मागे लागायचं नाही. हिवाळ्यात गर्दी नसते, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत उभं राहता येतं. मग भिंतींतून एकेक मूर्ती पुढे येते, मातीच्याच, माणसाच्या डोक्याच्या वर, जशा काही हवेत बसलेल्या. मध्ये चार दिशांना पाहणारा वैरोचन बुद्ध. आणि त्या मूर्तींच्या खाली, आपल्या नजरेच्या उंचीवर, एक प्रवास रंगवलाय. गंडव्यूह सूत्र या बौद्ध ग्रंथातला सुधन. तो ज्ञानासाठी निघतो आणि एका गुरूकडून दुसऱ्याकडे जात राहतो. त्यात भिक्षू आहेत, व्यापारी आहेत, नावाडी आहे, स्त्रिया आहेत. आणि प्रत्येक जण त्याला तेच सांगतो: मला एवढंच ठाऊक आहे, पुढचं अमक्याला विचार.

मी भिंतीपाशी उभी होते आणि मला आदल्या दिवशीचे भाईजी ऐकू आले. यहाँ तक मुझे पता है. मागे वळून पाहिलं तर ते दाराशी बूट काढत होते. आत आले, हात जोडले, आणि त्या अंधारात डावीकडून प्रदक्षिणेला लागले. मी त्यांच्या मागून चालले.